मुखवट्यांची रात्र आणि अकरा गोष्टींचा अंक

बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या रात्रभर चालणाऱ्या सोंगांच्या नाचात, पहिलं सोंग गणपतीचं. त्याच्या मागून शारदा येते. इथपर्यंत सगळं सरळ असतं, पुढे मात्र नवख्या माणसाची पंचाईत होते. मत्स्यावतार गेला की दहा तोंडांचा रावण, रावणामागून भीम, मध्येच त्राटिका, मग नरसिंह, वेताळ, खंडोबा. रामायण संपून महाभारत लागलं असं मनाशी ठरवावं, तर पुन्हा रामायणातलंच कुणीतरी नाचत पुढे येतं. प्रत्येकाच्या वाट्याला रस्त्याचा एक तुकडा, दिव्यांचा उजेड, संबळाचा ठेका आणि काही मिनिटं. तेवढ्यात जे करायचं ते करायचं आणि पुढच्याला वाट द्यायची. हे चालतं ते थेट पहाटेपर्यंत, देवी आणि महिषासुर समोरासमोर येईपर्यंत.

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याचे पूर्वेला नाशिकच्या डोंगरांना भिडलेले तालुके. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी अशी इथली वस्ती. होळी उलटून उन्हाळा लागला की या पट्ट्यात गावोगाव बोहाडे सुरू होतात. काही ठिकाणी त्याला भोवाडा म्हणतात. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे. चेहरा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा मोठा, रंग झगझगीत, आणि आतल्या माणसाला बाहेरचं दिसावं म्हणून जेमतेम भोकं. तेवढ्या फटीतून बघत, डोक्यावरचा मुकुट सांभाळत माणूस नाचतो. रावण झालेल्या माणसाकडे पाहिलं की वाटतं, दहा तोंडं बांधून ताल धरायचा हीच खरी तपश्चर्या.

सलग कथानक शोधणाऱ्याला बोहाडा विस्कळीत वाटेल. एकाच्या गोष्टीचा दुसऱ्याशी संबंध नाही, काही सोंगं अंगावर काटा आणणारी, काही अगदीच बेताची. तरी गाव रात्रभर जागं राहतं. हे कसं जमतं, याचं उत्तर शोधताना मला फार दूरची एक वस्तू आठवते: अनेक हातांनी काढलेल्या छोट्या छोट्या चित्रकथा एका मुखपृष्ठाखाली बांधलेला कॉमिकचा अंक. त्याचीही घडण हीच, आणि त्याचे गुणदोषही जवळपास हेच.

या जातीच्या अंकांमधला सगळ्यात गाजलेला म्हणजे जून १९३८ ही तारीख मुखपृष्ठावर मिरवणारा अमेरिकेतला ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक. किंमत १० सेंट, आत ११ वेगवेगळ्या गोष्टी. त्यात मार्को पोलोचा प्रवास होता, झटारा नावाचा जादूगार होता, घोड्यावरचा काउबॉय होता, एक मुष्टियोद्धा होता. आणि पहिल्या १३ पानांत निळ्या कपड्यांतला, मोटार डोक्यावर उचलणारा एक अनोळखी माणूस होता. तो सुपरमॅन. पुढची गंमत अशी की पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्याला घेतल्यावर प्रकाशकांनी २ ते ६ या अंकांच्या मुखपृष्ठांवर त्याला आणलंच नाही. तो परतला सातव्या अंकावर. आपल्या हाती काय लागलंय हे त्यांनाच कळलेलं नव्हतं!

असंच पुन्हा २४ वर्षांनी घडलं. ‘अमेझिंग फँटसी’ नावाचा असाच मिश्र अंक बंद पडत होता. ऑगस्ट १९६२चा पंधरावा अंक हा त्याचा शेवटचा ठरला. जाता जाता त्यात ११ पानांची एक गोष्ट आली, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांची. कोळी चावलेल्या एका बुजऱ्या शाळकरी पोराची. स्पायडरमॅनचा जन्म अशा मरणपंथाला लागलेल्या अंकात झाला. त्याच अंकात आणखी तीन गोष्टी होत्या, त्यांतल्या एकीचं नाव ‘द बेल-रिंगर’. ती आज कुणाला आठवते?

अनेक गोष्टींच्या अंकाचं मोठं बळ इथे दिसतं. कोळ्याची शक्ती अंगात आलेल्या पोरावर अख्खं पुस्तक लावायची हिंमत कुठल्याच शहाण्या प्रकाशकाला झाली नसती. अकरा पानं मात्र देता येतात. फसली तर फसली, शेजारी तीन गोष्टी आहेतच. नव्याला पाय ठेवायला जागा मिळते ती अशी, जुन्याच्या खांद्याआड. आणि उणीवही तिथेच चिकटलेली आहे. ज्या तीन-चार गोष्टींच्या आधारावर एकाचं नशीब उजळलं, त्या विस्मरणात जातात. सुपरमॅनच्या शेजारच्या दहा जणांचं काय झालं हे आता जुन्या अंकांचे संग्राहकच सांगू शकतील.

आता जरा आत शिरून पानांचा हिशेब करू, कारण कॉमिकमध्ये तो फार निर्दय असतो. समजा आठ पानांची गोष्ट आहे आणि पानावर सहा चौकटी. झाल्या ४८. पहिल्या पानाचा निम्मा भाग शीर्षकाला आणि मोठ्या चित्राला जातो. गाव कोणतं, काळ कोणता, हा माणूस कोण, त्याला काय हवंय हे सांगण्यात सात-आठ चौकटी सहज संपतात. शेवट नीट उतरायला चार तरी लागतात. उरल्या तीस-पस्तीस. तेवढ्यात कधी न पाहिलेला माणूस वाचकाच्या जिवाला लागला पाहिजे. कथालेखक एका वाक्यात ‘वीस वर्षं गेली’ असं लिहून मोकळा होतो. चित्रकाराला ती वीस वर्षं चेहऱ्यावर, भिंतीवर, अंगणातल्या झाडावर काढून दाखवावी लागतात, आणि जागा तर तळहाताएवढी.

त्यात संग्रहात अशा पंधरा-सोळा गोष्टी असल्या की वाचकाला पंधरा-सोळा वेळा शून्यापासून सुरुवात करावी लागते. नवा हात, नवी अक्षरं, नवी माणसं. बिऱ्हाड मांडावं, चूल पेटेपेटेतो पुन्हा उचलावं, असं ते काम. पाचव्या-सहाव्या गोष्टीला माणूस थकतो, आणि हा थकवा त्या सहाव्या गोष्टीच्या खाती जमा होतो. ती चांगली असली तरी.

मग बोहाड्यात गाव थकत का नाही? कारण रावणाची ओळख करून द्यायला तिथे एकही चौकट खर्च होत नाही. मुखवटा उजेडात आला की लहान पोरालासुद्धा कळतं, हा कोण आणि आता काय करणार. सगळी मिनिटं नाचायला मोकळी. मुखवटा हे थोड्या जागेत मोठी गोष्ट बसवायचं यंत्र आहे.

हे यंत्र कॉमिकवाल्यांनीही शोधून काढलं. मुंबईत अनंत पै यांनी नोव्हेंबर १९८०मध्ये ‘टिंकल’ सुरू केलं, तो असाच अनेक गोष्टींचा अंक. त्याला पुढे जी माणसं भेटली ती सगळी मुखवट्याची: विचित्र डोक्याचा सुपंडी, शिकारी शंभू, कालिया कावळा. सुपंडीची गोष्ट तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवली होती. त्याला रूप दिलं राम वाईरकरांनी, शंभूला वसंत हळबे यांनी आणि कालियाला प्रदीप साठे यांनी. म्हणजे देशभरची पोरं ज्या तीन चेहऱ्यांवर वाढली ते तीनही मराठी हातांतून उतरले, याचा आपल्याकडे म्हणावा तेवढा गवगवा होत नाही. त्यातला शंभू पाहा. टोपी इतकी खाली ओढलेली, की डोळे दिसतच नाहीत. भित्रा माणूस काढायचा आणि भीती दाखवणारा मुख्य अवयवच झाकून टाकायचा! हळबे ती भीती गुडघ्यांतून, मिशीतून, बंदुकीच्या वाकड्या नळीतून काढतात. टोपी हाच त्याचा मुखवटा. ती दिसली की दोन-तीन पानं पुरतात.

पण मुखवट्याला वय होत नाही. शंभू कधी शूर होणार नाही, सुपंडीला कधी अक्कल येणार नाही. आली तर पुढच्या अंकात काय छापायचं? बोहाड्यातला महिषासुरही दर वर्षी मरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा मरायला हजर होतो. जत्रेला ते शोभून दिसतं, कारण ऋतूही तसेच फिरून येतात. कॉमिकच्या वाचकाचं तसं नसतं. तो बारा वर्षांचा होता, आता अठराचा झाला, आणि त्याला बदलणारी माणसं हवीशी वाटू लागतात. या वळणावर अनेक गोष्टींचा अंक त्याच्या हातून सुटतो.

यावर एक तिसरी वाट आहे, आणि ती मला सगळ्यात थक्क करते. १९८०मध्ये न्यूयॉर्कला आर्ट स्पीगलमन आणि फ्रान्स्वाज मूली या जोडप्याने ‘रॉ’ नावाचा चित्रकथांचा अंक काढला. आकार चांगला मोठा, जगभरच्या चित्रकारांचं प्रयोगशील काम. दुसऱ्या अंकापासून त्यात एक छोटी पुस्तिका येऊ लागली. मोठ्या पानांच्या पोटात लहान पानं. स्पीगलमनचे वडील नाझी छळछावणीतून वाचलेले. त्यांची कहाणी उंदीर-मांजरांच्या रूपात सांगणारं ते ‘माउस’ एकेक प्रकरण करत पुढे सरकत होतं. १९९२मध्ये त्याला पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं. उंदराचं तोंड म्हणजे पुन्हा मुखवटाच, पण या मुखवट्याच्या आतला माणूस म्हातारा होत होता, चिडत होता, मुलाशी भांडत होता. एवढी मोठी गोष्ट एकदम लिहून पुरी करायला जो दम लागतो, तो अंकाने हप्त्याहप्त्याने पुरवला. अर्थात वाचकाला पुढच्या प्रकरणासाठी महिनोन् महिने थांबावं लागलं, हा त्याचा दंड.

जागा कुणाला मिळणार, हा अशा अंकांपुढचा खरा नाजूक प्रश्न. गुणदोषांची चर्चा करताना लोक चित्रांबद्दल आणि छपाईबद्दल बोलतात, या प्रश्नाला हात घालत नाहीत.

बोहाड्याचं उत्तर मानाचं आहे. अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराचं, असं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. आजोबा जे सोंग नाचवायचे ते नातवाकडे येतं. काही गावांत बोली लागते. मान असला की सोंग गळून पडत नाही. यंदा नाचणारा कच्चा असेल, लोक चहाला उठतील, पोरं शिट्या मारतील, पण पुढच्या वर्षी ते सोंग पुन्हा येईल. लहानसं, फारसं कुणाला न आवडणारं दैवतही टिकून राहतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जपानचं ‘शोनेन जंप’. १९६८मध्ये सुरू झालेलं हे साप्ताहिक म्हणजे स्वस्त कागदावर छापलेला, टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीएवढा जाड गठ्ठा. त्यात वीसेक मालिका शेजारी शेजारी चालतात. अंकासोबत एक पोस्टकार्ड असतं: तुम्हाला आवडलेल्या तीन गोष्टी कळवा. या कार्डांवर मालिकांचं जगणं-मरणं ठरतं. नवी मालिका आली आणि वाचकांनी उचलली नाही, तर दहा-पंधरा आठवड्यांत गुंडाळली जाते. कथानक अर्धवट असलं तरी. या कठोरपणातून ‘ड्रॅगन बॉल’ आणि ‘स्लॅम डंक’ निघाली आणि १९९५च्या सुमाराला एका अंकाचा खप ६५ लाख ३० हजारांवर गेला. त्याच वर्षी ‘ड्रॅगन बॉल’ संपली, पुढच्या वर्षी ‘स्लॅम डंक’ संपली, आणि खप झपाट्याने उतरला. वीस मालिकांचा अंक खरं तर दोन-तीन मालिकांच्या खांद्यांवर उभा होता, बाकीच्या त्यांच्यासोबत विकल्या जात होत्या.

जपानमध्येच याला पर्याय होता. १९६४मध्ये कात्सुइची नागाई यांनी काढलेलं ‘गारो’. संपेई शिराटोची ‘कामुई’ ही लांबलचक मालिका चालवायला ते निघालं, पण त्याच्या पानांत योशिहारू त्सुगेसारख्या माणसाला स्वप्नासारख्या, कुठल्याच साच्यात न बसणाऱ्या गोष्टी काढता आल्या. पोस्टकार्डांच्या कारभारात त्सुगे दहा आठवडे टिकला नसता. मात्र ‘गारो’कडे पैसे नव्हते. पुढे पुढे तर चित्रकारांना मानधनही देता येईना, तरी लोक तिथे छापून यायला धडपडत. हे ऐकायला उदात्त वाटतं. चित्रकाराला विचारा, तो सांगेल की उदात्तपणावर घरभाडं भरता येत नाही. अनेक हातांच्या संग्रहांचं हे दुखणं आजही जगभर तसंच आहे: पानं वाटली जातात, तसे पैसेही वाटले जातात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येतात.

मला विचाराल तर कार्डांपेक्षा मान बरा. सुपरमॅनला कार्डांनी लवकर हेरलं असतं हे कबूल. पण जे पहिल्या फेरीत आवडत नाही आणि दहाव्या फेरीत सोडवत नाही, अशा गोष्टींना कार्डं वेळच देत नाहीत.

आणखी एक जागा आहे जिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीबद्दल अमेरिकन चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये सुंदर लिहिलंय. एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेली, दुसरीत शहरावर घुमलेली किंकाळी. घाव मधल्या पट्टीत पडतो, आणि तो वाचक स्वतः घालतो. हे दोन चौकटींमधलं झालं. दोन गोष्टींमध्ये काय होतं? बोहाड्यात एक सोंग परत फिरतं, उजेड रस्त्याच्या टोकाशी जातो, संबळाचा ठेका बदलतो, लोक पाय मोकळे करतात, रावण कसा नाचला यावर बोलतात. मधला वेळ भरलेला असतो. पुस्तकात तो वेळ म्हणजे पान उलटण्याचा निमिष. कधी तेवढाही नाही: डाव्या पानावर आई गेल्याची शेवटची चौकट आणि उजव्या पानावर विनोदी गोष्टीचं शीर्षक. दोन्ही गोष्टी नासतात, आणि दोष कुठल्याच चित्रकाराचा नसतो.

चांगला संपादक ओळखायचा तो इथे. ‘टिंकल’मध्ये अधूनमधून कोडी यायची, वाचकांची पत्रं यायची, माहितीची पानं यायची. भरताड वाटायची ती, पण दोन गोष्टींमधला श्वास त्यांनीच सांभाळला. आपल्याकडे मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ या दिवाळी अंकाने तर पानालाच भोक पाडलं. वरच्या पानाच्या खिडकीतून आतल्या चित्राचा तुकडा दिसतो, मनात भलतेच विचार येतात, पान उलटलं की निराळंच काहीतरी निघतं. वाचकाच्या मनातला वात्रटपणा वाचकाच्याच पदरात! खिडकीची चर्चा चावटपणावरून पुष्कळ झाली. मला तिच्यातली कारागिरी मोठी वाटते, कारण पान उलटण्याची क्रिया हाच तिथे विनोद आहे. संगणकाच्या पडद्यावर ती जशीच्या तशी कशी आणणार?

दिवाळी अंकांनी मराठी वाचकाला आणखी एक सवय लावली, १९०९च्या ‘मनोरंजन’पासून. अंकातलं सगळं वाचायचं नसतं. व्यंगचित्रं आधी, मग आवडता लेखक, मग कविता किंवा कविता वगळून बाकीचं. हा वगळण्याचा हक्क कादंबरीत मिळत नाही. चित्रकथांचे संग्रह पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ओळीने वाचणारे लोक मग ते विस्कळीत असल्याची तक्रार करतात, तेव्हा त्यांच्या हाती दिवाळी अंक द्यावासा वाटतो.

एकच गोष्ट सलग सांगण्याचीही आपली परंपरा आहेच. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या कागदांवरची चित्रं एकामागून एक उभी धरतात आणि गाऊन कथा सांगतात. एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. ही कला सांभाळणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. एक पोथी, एक गोष्ट: तिथे शेजार नाही, म्हणून खोली आहे. त्याच्या उलट अजिंठ्याचं १७वं लेणं. एकाच दालनात किती जातककथा! त्यांतले प्रसंग बऱ्याचदा काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत, जागेच्या क्रमाने आहेत. राजवाड्यात घडलेलं एकीकडे, अरण्यात घडलेलं दुसरीकडे. मध्ये काय झालं ते पाहणाऱ्याने जुळवायचं.

अलीकडे भारतात चित्रकथांचे काही जाणते संग्रह निघाले. २०१२मध्ये ‘पाओ’, २०१३मध्ये विश्वज्योती घोष यांनी फाळणीवर केलेला ‘धिस साइड दॅट साइड’, २०१५मध्ये १४ तरुण स्त्रियांचा ‘ड्रॉइंग द लाइन’, २०१६मध्ये ओरिजित सेन आणि विद्युन सभने यांचा ‘फर्स्ट हँड’. सगळे इंग्रजीत. एका विषयाला बांधलेल्या संग्रहाची अडचण अशी की तिसऱ्या-चौथ्या गोष्टीनंतर दुःख कुठल्या दारातून आत येणार हे वाचकाला आधीच समजतं. घोष यांनी यावर एक उपाय काढला. त्यांनी लेखक आणि चित्रकारांच्या जोड्या लावल्या आणि त्यांतल्या काहींत एक माणूस सीमेच्या या बाजूचा, दुसरा त्या बाजूचा. शब्द एकाचे, रेषा दुसऱ्याची. विषय एक असूनही प्रत्येक जोडीत वेगळी ओढाताण दिसते.

जव्हार-मोखाड्याला तर ही अडचण चांगलीच परिचयाची आहे. १९९२-९३मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि या डोंगराचं नाव वर्तमानपत्रांत गेलं. तेव्हापासून बाहेरच्यांनी इथली सांगितलेली जवळपास प्रत्येक गोष्ट एकाच विषयाची: भूक, पाणी, स्थलांतर. यातलं काहीच खोटं नाही. पण त्याच गावात माणूस दहा तोंडं बांधून नाचतो, पोरं वेताळाला भितात आणि हसतातही, हे त्या गोष्टींत येत नाही. इथला चित्रकथांचा अंक निघाला तर भूक आणि चेष्टा शेजारशेजारच्या पानांवर हवीत. एका विषयाच्या पुस्तकाला हे जमत नाही, मिश्र अंकाला जमतं.

तो अंक कसा दिसेल? इथे मला एक विलक्षण गोष्ट दिसते. वारली चित्राचं मूळ लग्नाच्या चौकात. घराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाते, चौकटीच्या आत पालघाट देवी असते. ती चौकट नीट, काटेकोर, कॉमिकच्या चौकटीहून कितीतरी नक्षीदार. तिच्या बाहेर माणसं, झाडं, जनावरं भिंतभर मोकळी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी कागद पुढे केला आणि डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे त्यावर काढू लागले, तेव्हा बायकांच्या हातची ही चित्रं पुरुषांच्या हातीही आली आणि जगभर गेली.

त्या चित्रातल्या माणसाला चेहरा नाही. दोन त्रिकोण, एक वर्तुळ, काड्यांचे हातपाय. म्हणजे एकाच डोंगरावर दोन टोकाच्या कला नांदतात: बोहाड्यात धडापेक्षा तोंड मोठं, भिंतीवर तोंडच नाही. आणि कॉमिकची तर सगळी मदार ओळख पटण्यावर. पहिल्या चौकटीतला माणूस सहाव्या चौकटीत तोच आहे हे कळायला हवं. वारली शैलीत दहा माणसं काढली तर त्यातला नायक कोण? त्याच्या कामावरूनच सांगावं लागेल: जाळं टाकतोय तो, मोळी आहे ती, वाघापासून पळतोय तो.

चेन्नईच्या तारा बुक्सने २००९मध्ये वारली चित्रकारांचं ‘डू!’ नावाचं पुस्तक काढलं. खाकी कागदावर पांढरी छपाई. त्याची मांडणी क्रियांवर आहे: एका पानावर एक क्रिया आणि ती करणारी ढीगभर माणसं. चेहरा नसण्याची अडचण त्यांनी अशी वळवून घेतली. परधान गोंड शैलीत चित्रकथा सांगण्याचा प्रश्न दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी २०११च्या ‘भीमायन’मध्ये निराळ्या तऱ्हेने सोडवला. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरच्या त्या पुस्तकात चौकोनी चौकटी टाकून दिल्या आणि संवादाच्या फुग्यांना रूप दिलं. मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकारात, विखारी बोलणं विंचवाच्या नांगीसह. वाचकाला बोलणाऱ्याची जात कळते ती फुग्यावरून! वारली चित्रकथेला असं काय सापडेल हे कुणी डहाणू-जव्हारकडचाच चित्रकार ठरवील. वीस वारली हातांचा संग्रह झाला तर संपादकाची नेहमीची डोकेदुखी उलटी होईल. इतर संग्रहांत प्रत्येक हात निराळा म्हणून वाचक दमतो. इथे सगळे हात एका लिपीत लिहिणारे. शैली एकदा अंगवळणी पडली की शून्यापासून सुरुवात करण्याचा त्रास वाचतो आणि नजर थेट गोष्टीवर जाते.

यासाठी छापखान्याचीही वाट बघायला नको. शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडिया या संस्थेने गावोगावच्या, चित्रकलेचं शिक्षण न घेतलेल्या माणसांना एक सोपा नमुना शिकवला. ए-फोर आकाराचे दोन कागद एकमेकांना जोडायचे, त्यावर चार चौकटी, चार चौकटींत पुरी गोष्ट. झेरॉक्स काढायची आणि शाळेच्या, दवाखान्याच्या, एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवायची. एकाशेजारी एक अशी दहा लावली की भिंतीवरच अंक तयार. वाचणारा कुठूनही सुरुवात करतो. एखादी गोष्ट फसली असेल तर तिच्यावर दुसऱ्या दिवशी नवी चिकटवता येते. छापील अंकाला ही चैन परवडत नाही. त्यात फसलेली गोष्ट कायमची शेजारी बसते, आणि कधी कधी वीस वर्षांनी तीच शोधत कुणीतरी जुन्या पुस्तकांच्या दुकानात येतं.